खूण: डाव्या गालावर तीळ

वजनमापे खात्यातला निरीक्षक निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं, हे ज्यांच्या घरी तो बसलेला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मिलीमीटरांनी पहिल्या आठवड्यात घरातली चारही घड्याळं सेकंदाला सेकंद लावून एका वेळेवर आणली. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी सरळ केल्या, मग भिंतच तिरकी असल्याचं लक्षात आल्यावर पुन्हा तिरक्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातला मापाचा पेला तपासला आणि तो आठ मिलिलिटरने खोटा असल्याचं बायकोला लेखी कळवलं. बायकोने तो कागद वाचला, त्याची नीट घडी केली, डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला चित्रकला शिकायची होती ना? मग जा की शिकायला."

मिलीमीटर हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. एकतीस वर्षं दुकानांच्या दारात उभं राहून "काटा एक मिलीमीटर बाजूला आहे" असं म्हणत त्यांनी तराजू जप्त केले. दुकानदारांनी हे नाव रागाने ठेवलं, कचेरीने थट्टेने उचललं आणि त्यांनी स्वतः ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं.

चित्रकलेचं प्रकरण मात्र नोकरीच्याही आधीचं. दहा वर्षांचे असताना त्यांनी थोरल्या बहिणीचं चित्र काढलं होतं. ताई तेव्हा अठरा वर्षांच्या. दोन दिवस खपून काढलेलं ते चित्र त्यांनी ताईंसमोर धरलं, ताईंनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "ही शेळी कोणाची?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती, हीच तर पंचाईत. कुचेष्टा असती तर रडता तरी आलं असतं. शेळी शेजाऱ्यांची आहे असं सांगून ते तिथून निघाले, आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी हातात पेन्सिल धरली ती फक्त पंचनामे लिहायला.

तेव्हा कलाविद्यालयाच्या अर्जावर 'शिक्षणाचा उद्देश' या रकान्यात त्यांनी 'छंद' असं लिहिलं, ते एका सचोटीच्या माणसाने केलेलं धादांत खोटं विधान होतं. उद्देश एकच होता. ताईंनी आयुष्यात एकदा त्यांच्या चित्रासमोर उभं राहून 'ही मी' म्हणावं. प्रमाणपत्र, गुण, प्रदर्शन, हे सगळं त्याच्यामागून.

अभ्यासक्रमाचं नाव होतं 'वास्तववादी डिजिटल चित्रकला'. मुदत एक वर्ष, आणि शेवटी एका जिवंत माणसाचं व्यक्तिचित्र. 'वास्तववादी' हा शब्द मिलीमीटरांना फार आवडला. 'डिजिटल'लाही त्यांची हरकत नव्हती, कारण त्यांच्या अनुभवाप्रमाणे डिजिटल काटा जुन्या काट्यापेक्षा कमी थापा मारत असे. पहिल्या दिवशी ते सहा पेन्सिली एकाच लांबीच्या तासून घेऊन गेले. वर्गात कोणाकडेच पेन्सिल नव्हती. प्रत्येकापुढे एक काळी गुळगुळीत पाटी, तिच्यावर चालवायचं एक पेन, आणि पेनात शाई नाही. रेघ ओढायची पाटीवर, उमटायची समोरच्या पडद्यावर. म्हणजे हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे, जे नोकरीत असताना फक्त लबाड दुकानदार करत. मिलीमीटरांनी पहिली रेघ ओढली, वाकून ती पाटीवर शोधली, चष्मा पुसून पुन्हा शोधली, आणि पेन खराब असल्याची तोंडी तक्रार दाखल केली. शेजारच्या मुलीने बोटाने पडद्याकडे खूण केली. तिथे त्यांची रेघ दिमाखात उभी होती, फक्त ती आडवी असायला हवी होती.

शिकवणारे सर सत्तावीस वर्षांचे होते, म्हणजे मिलीमीटरांच्या नोकरीपेक्षा चार वर्षांनी लहान. ते मिलीमीटरांना 'सर' म्हणत, मिलीमीटर त्यांना 'सर' म्हणत, आणि "सर, डोळा कानात गेलाय," "हो सर, काढतो सर," हे ऐकताना कोण कोणाला शिकवतंय ते बाकीच्यांना कळत नसे.

सगळ्यात मोठा धक्का म्हणजे केलेलं मागे घेण्याची सोय. एक कळ दाबली की शेवटची रेघ नाहीशी, पुन्हा दाबली की तिच्या आधीची. मिलीमीटरांनी एकतीस वर्षांत मारलेला एकही शिक्का मागे घेतला नव्हता, त्यामुळे ही सोय त्यांना सुरुवातीला अनैतिक वाटली. महिनाभर त्यांनी त्या कळीला हात लावला नाही. मग सरावासाठी काढलेल्या बायकोच्या चेहऱ्याला तिसरी नाकपुडी आली आणि तत्त्व बाजूला ठेवावं लागलं.

थर हा प्रकार मात्र त्यांना पहिल्या झटक्यात पटला. डिजिटल चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांत काढतात. नाक एका थरात, केस दुसऱ्यात, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्याला धक्का नाही. हे तर सरळसरळ कचेरीतलं फायलिंग झालं. बाकीची मुलं सात-आठ थरांत चित्र उरकत. मिलीमीटरांच्या साध्या सफरचंदाला एक्केचाळीस थर होते आणि प्रत्येकाला रीतसर नाव: 'देठ', 'देठ सुधारित', 'देठ अंतिम', 'देठ अंतिम, वरील रद्द'. ते सफरचंद उघडताना संगणकाला धाप लागायची.

सर म्हणत, डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारीकसारीक गोष्टी दिसेनाशा होतात आणि उजेड-सावली तेवढी उरते. मिलीमीटर आज्ञाधारक विद्यार्थी. ते बसथांब्यावर, बँकेत, जिन्यात, सगळ्यांकडे डोळे किलकिले करून बघू लागले. तळमजल्यावरच्या बाईंनी बायकोकडे तक्रार केली की तुमचे यजमान माझ्याकडे संशयाने बघतात. मिलीमीटर स्वतः खाली जाऊन खुलासा करून आले. संशय वगैरे काही नाही, मी तुमच्या हनुवटीखालची सावली बघत होतो, ती फार सुरेख दुहेरी आहे, असं त्यांनी मनापासून सांगितलं. तेव्हापासून त्या बाई जिन्यात कोणी नाही याची खात्री करून मगच बाहेर पडू लागल्या.

वर्ष असं हसतखेळत, म्हणजे मुलं हसत आणि मिलीमीटर खेळत, संपत आलं आणि व्यक्तिचित्राची वेळ आली. ताईंना शहराच्या दुसऱ्या टोकाहून आठ दिवसांसाठी बोलावण्यात आलं.

ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं त्यांनी सातवीला विज्ञान शिकवलं होतं आणि डावी भुवई नुसती वर करून पन्नास मुलांचा वर्ग गप्प केला होता. कोणासमोर गप्प बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण 'परीक्षा' हा शब्द कानावर पडल्यावर त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि मिलीमीटरांनी कपाटातून जाडी मोजायचा पोलादी कॅलिपर काढला. ताईंची भुवई वर गेली.

"धाकट्या, ते माझ्या नाकाला लावलंस तर मी आत्ता घरी जाईन."

त्यामुळे मोजमाप ताईंच्या दुपारच्या डुलकीत उरकावं लागलं. नाक एक्कावन्न मिलीमीटर. दोन डोळ्यांमधलं अंतर तेहेतीस. डावी भुवई उजवीपेक्षा चार मिलीमीटर वर, झोपेतसुद्धा. सगळं वहीत उतरलं, खाली सही आणि तारीख आली, आणि शेवटी एक ओळ: 'खूण: तीळ, डावा गाल.'

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं, कारण मिलीमीटर स्वतः ते अजून कोणाला नीट सांगत नाहीत. तासन्‌तास एकच चित्र बघून माणसाची नजर मरते आणि नाकासमोरची चूकही दिसेनाशी होते. त्यावर डिजिटल चित्रकारांचा एक उपाय असतो. एक कळ दाबून अख्खं चित्र आडवं उलटवायचं, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. चित्र अनोळखी झालं की चूक लगेच टोचते. ती दुरुस्त करायची, कळ पुन्हा दाबायची, चित्र सरळ. वर्गातल्या मुलांना यात विशेष काही वाटलं नाही, पण मिलीमीटरांचा ऊर भरून आला. हे तर त्यांचंच शास्त्र. तराजूची दांडी खरी की खोटी हे बघायला निरीक्षक दोन पारड्यांतली वजनं अदलाबदल करून ठेवतो. दांडी खोटी असेल तर तराजू तिथेच कलतो. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय?

ते दिवसातून चाळीस वेळा ताईंना उलटवू लागले. प्रत्येक वेळेची नोंद वहीत, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी. आकडा सम असेल तर चित्र सरळ, विषम असेल तर उलटं. या पद्धतीत चूक होणं शक्य नव्हतं. आठव्या दिवशी ताई आपल्या घरी परतल्या. नवव्या दिवशी मिलीमीटरांनी कळ दाबली, वहीत नोंदीची रेघ ओढायला पेन्सिल उचलली, आणि आतून बायकोने विचारलं की दूध तुम्ही बघताय ना. दूध तेव्हा ओट्यावरून खाली उतरत होतं. ते पुसून, त्यावरची बोलणी ऐकून आणि उतू गेलेल्या दुधाचा अंदाज, म्हणजे अडीचशे मिलिलिटर, सांगितल्याबद्दल आणखी बोलणी ऐकून मिलीमीटर परत आले. वहीत आकडा सम होता. म्हणजे चित्र सरळ. तरीही हाडाचा निरीक्षक, खात्री म्हणून वहीतली खूण पडताळली: तीळ, डावा गाल. पडद्यावर पाहिलं: तीळ डावीकडे. बरोबर.

समोर बसलेल्या माणसाचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो, हे गल्ल्यासमोर उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला सुचायला हरकत नव्हती. सुचलं नाही. पुढचे पंधरा दिवस त्यांनी त्या उलट्या ताईंवर एकेक पापणी, एकेक सुरकुती, चष्म्याच्या दांडीने कानामागे पाडलेली बारीक घडीसुद्धा चढवली आणि थर तीनशे बारावर नेले. चित्र खरोखर सुंदर झालं होतं. कातडीला हात लावला तर ऊब लागेल असं वाटत होतं.

बायकोने ते बराच वेळ पाहिलं. छान आहे, ती म्हणाली, पण कोणीतरी ताईंची हुबेहूब नक्कल करतंय असं का वाटतं? मिलीमीटरांनी हे मत नोंदवून घेतलं आणि फेटाळलं. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी ताईंची दाढ दोनदा भरली होती, म्हणून त्यांनाही वर बोलावलं. ते एकदम खूश झाले, म्हणाले, या अगदी त्याच. पण जो माणूस तीस वर्षं लोकांच्या तोंडात घातलेल्या इवल्याशा आरशात बघून काम करतो, त्याला जग उलटंच सरळ दिसणार, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. सरांनी ताईंना कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी कातडीचं आणि डोळ्यांतल्या पाण्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि चित्र कार्यालयात दाखल करायला सांगितलं.

कार्यालयात दाखल करणं ही गोष्ट मात्र चित्र काढण्याइतकी सोपी नव्हती. आदल्या वर्षी एकाने यंत्राकडून चित्र करून घेतलं होतं आणि त्यातला म्हातारा जगात कुठेच राहत नसल्याचं बक्षीस दिल्यावर उघडकीला आलं होतं. तेव्हापासून नियम असा, की चित्रातल्या माणसाने स्वतः ओळखपत्र घेऊन कार्यालयात यायचं, चित्र बघायचं आणि 'साम्य प्रमाणपत्र' नावाच्या कागदावर सही करायची. हा कागद कोणीतरी चारित्र्याच्या दाखल्यावरून उतरवला होता, त्यामुळे त्यात 'चित्रातील व्यक्तीस आपण केव्हापासून ओळखता?' असाही एक रकाना होता. शेवटची मुदत शुक्रवार, दुपारी चार. मिलीमीटर ताईंना घेऊन गुरुवारीच गेले, कारण शेवटच्या दिवशी येणाऱ्या दुकानदारांना त्यांनी जन्मभर तुच्छ मानलं होतं.

छापून आणलेलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं आणि वरचा कागद बाजूला केला. ताईंनी चष्मा सरळ केला, पाहिलं, पुढे वाकून पाहिलं. दहा वर्षांचा मुलगा पुन्हा एकदा श्वास रोखून उभा राहिला.

"ही मी," ताई म्हणाल्या. "अगदी मी. धाकट्या, हे तू काढलंस?"

पुढची दोन मिनिटं मिलीमीटरांना काही ऐकू आलं नाही. ताईंनी कागदावर सही ठोकली, 'केव्हापासून ओळखता'समोर 'जन्मापासून' असं लिहिलं, आणि मिलीमीटर आनंदाने खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. टाकी किंचित कललेली होती, तीही त्यांना गोड दिसली.

कार्यालयातल्या बाईंनी ओळखपत्र घेतलं, चित्राशेजारी ठेवलं, आणि खणातून पट्टी काढली. ओळखपत्रावर खूण लिहिलेली होती: डाव्या गालावर तीळ. बाईंनी ताईंकडे पाहिलं. तीळ डाव्या गालावर. चित्राकडे पाहिलं. तीळ उजव्या गालावर. भुवई वर गेलेली, तीही भलतीच. त्यांनी कागदावर लाल शाईने लिहिलं, 'चित्र व व्यक्ती जुळत नाही', आणि तो परत केला. ताईंनी त्यांना विचारलं की माझा चेहरा मला जास्त माहीत की तुम्हाला. बाई शांतपणे म्हणाल्या की कार्डाला. खरं तर मिलीमीटरांना या बाईंचा राग यायला हवा होता. पण पट्टी शून्यावर नीट लावून बघणारं माणूस त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि रागाच्या आड कुठेतरी त्यांना बाईंबद्दल आदर वाटला.

वर्गात जाऊन त्यांनी सरांना दाखवलं. सरांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, चित्र पाहिलं, हसू दाबलं आणि एक कळ दाबली. "झालं सर. उलटं राहिलं होतं, सर." पंधरा दिवसांची चूक एका टिचकीत सरळ झाली, आणि मिलीमीटरांना ही सोय पुन्हा एकदा अनैतिक वाटली. नवीन चित्र छापून घेऊन ते धावतच खाली आले. बाईंनी पट्टी लावून पाहिलं, मान डोलावली आणि नवा कोरा कागद ताईंपुढे सरकवला. ताईंनी चित्र पाहिलं. भुवई वर गेली.

"ही कोण?"

शेळी म्हणाल्या नाहीत, एवढंच.

मिलीमीटरांनी समजावून सांगितलं की ताई, ही तूच आहेस, आधीची उलटी होती. ताई ऐकेनात. हिचं तोंड वाकडं आहे, भांग भलतीकडे पडलाय, आणि ही माझ्याकडे असं बघतेय जसं काही मीच गृहपाठ केला नाही. चौतीस वर्षांत त्यांनी चुकीच्या उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण केली नव्हती आणि आताही करणार नव्हत्या. पहिलं चित्र आणा, त्यावर दहा सह्या करते. अशी ती कोंडी झाली. ताई ज्या चित्रावर सही करत होत्या ते कार्यालय घेत नव्हतं, आणि कार्यालय जे घेत होतं त्यावर ताई सही करत नव्हत्या.

संध्याकाळी इमारतीत सल्ल्यांचा पाऊस पडला. दंतवैद्यांचं म्हणणं पडलं की दोन्ही गालांवर तीळ काढा, ज्याला जो हवा तो घेईल. तळमजल्यावरच्या बाईंनी बायकोबरोबर निरोप पाठवला की गालावर हात ठेवलेला दाखवा, शिवाय हाताने हनुवटीही झाकता येते. बायकोचा उपाय सगळ्यात सुटसुटीत होता. चित्राला हात लावूच नका, उद्या तासाभरासाठी ताईंच्याच उजव्या गालावर पेनाने तीळ काढा आणि डावा पावडरने झाका. मिलीमीटरांनी तिला आठवण करून दिली की याला बनावट खूण म्हणतात आणि पूर्वी ते यासाठी माणसं कोर्टात नेत.

पण त्यांना खरं दुःख वेगळंच होतं. वर्ष वाया गेलं तर पुन्हा बसता येईल. 'ही मी' हे दोन शब्द ऐकायला एकोणपन्नास वर्षं वाट पाहिली, ते ऐकायला मिळाले, आणि ते निघाले खोट्या काट्यावर तोललेले. दुसऱ्या कोणी ते तसेच खिशात घातले असते. मिलीमीटरांना ते घेता येईनात. त्यांनी खरी ताई काढली होती, आणि खऱ्या ताईने तिला ओळख दिली नव्हती.

शुक्रवारी ताई पुन्हा कार्यालयात आल्या त्या सही करायला नव्हे, तर त्या बाईंची प्राचार्यांकडे लेखी तक्रार करायला. मिलीमीटर दोन्ही चित्रं काखेत मारून पडेल चेहऱ्याने मागून आले. साडेतीन वाजले होते. बाईंनी सरळ चित्र ताईंच्या मागच्या कपाटाला टेकवून ठेवलं, कोरा कागद टेबलावर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. प्राचार्य मोकळे होईपर्यंत त्यांनी पर्स उघडली आणि छोटा गोल आरसा काढला. वर्गात शिरण्यापूर्वी एकदा आरशात बघून भांग नीट करायचा, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय.

भांग नीट करता करता त्यांचा हात थांबला. आरशात त्यांचा चेहरा होता, आणि त्याच्या खांद्यामागे, कपाटाला टेकलेला, पुन्हा तोच चेहरा. तीच भुवई, त्याच बाजूला. तोच तीळ, त्याच गालावर. ताई गर्रकन मागे वळल्या. कपाटाला टेकून कालचीच ती परकी बाई वाकड्या तोंडाने बघत होती. त्या पुन्हा आरशाकडे वळल्या. आरशात पुन्हा त्या स्वतःच, दोनदा. मग पुन्हा मागे. असं तिसऱ्यांदा झाल्यावर कार्यालयातल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मिलीमीटर घाबरून खुर्ची पुढे करायला धावले. ताई खुर्चीत बसल्या, पण आरसा सोडला नाही.

"सातवी," त्या म्हणाल्या. "धडा अकरावा. आरशात डाव्याचं उजवं होतं."

त्यांनी आरसा आणखी जवळ धरला.

"चौतीस वर्षं मी फळ्यावर उलट्या अक्षरांत 'रुग्णवाहिका' लिहून मुलांना आरशात वाचायला लावलं. हे माझ्या तोंडालाही लागू आहे, असं मला एकदाही वाटलं नाही." त्यांनी आरसा मिटलेल्या मुठीत धरला आणि कपाटाकडे बघितलं, नीट, एखादा उशिरा आलेला मुलगा वर्गाच्या दारात उभा असावा आणि त्याला आत घ्यायचं ठरवावं तसं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे हिच्याशी बोलत होतात?"

"हो ताई."

"हिचं तोंड वाकडं आहे."

"दीड मिलीमीटर," मिलीमीटर म्हणाले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण मला तेच आवडतं. आम्हाला सगळ्यांना तेच माहीत आहे."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि भुवई पहिल्यांदाच दुसरीच्या बरोबरीने खाली आली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "धाकट्या, लहानपणी तू ती एक शेळी काढली होतीस. तिला शिंगं होती ना?"

"वेण्या होत्या, ताई."

"वेण्या." ताईंनी मान हलवली. "मग ती मीच असेन. मला कुठे माहीत होतं मी कशी दिसते."

मिलीमीटरांनी खिशातून रुमाल काढला आणि चित्रावरची नसलेली धूळ पुसायला घेतली. कार्यालयातल्या बाईही कसलीतरी फाइल शोधू लागल्या, जी त्यांच्या हातातच होती.

ताईंनी कागद पुढे ओढला, सही केली आणि 'चित्रातील व्यक्तीस आपण केव्हापासून ओळखता?' या रकान्यात स्वच्छ मास्तरी अक्षरात लिहिलं: 'आज दुपारी पावणेचारपासून.' बाईंनी ते वाचलं. एरवी या रकान्यात असलं उत्तर त्यांनी मुळीच चालवून घेतलं नसतं. त्यांनी वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, 'पावणेचार' खोडून 'तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटे' असं दुरुस्त केलं, त्यावर ताईंची छोटी सही घेतली आणि मग कागदाच्या कोपऱ्यात धाडकन शिक्का मारला.

शिक्का चांगला तीन मिलीमीटर तिरका बसला होता. मिलीमीटरांनी तो पाहिला, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.